मेन स्विच मामांच्या हातात

सातारा किंवा सांगलीतल्या एखाद्या सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत आयटी विभागाचं खरं काम शाखांचा दिवस संपल्यावर सुरू होतं. कॅश जुळली, डे-एंड झाला, की जत, आटपाडी, पाटण, मेढा इथल्या शाखांचे संगणक मोकळे होतात. मग बसल्या जागेवरून अपडेट टाकायचे, अँटिव्हायरस बघायचा, कुणाच्या तरी प्रिंटरची कटकट सोडवायची. आणि नेमके त्याच वेळी शाखेतले शिपाईमामा मेन स्विच खाली ओढतात. फोन लावला तर उत्तर तयार असतं : "अवो मॅडम, साहेबच म्हनले, जाताना समदं बंद करून जावा."

मामांचं चुकत नाही. शॉर्टसर्किटची भीती असते, वीजबिल असतं, आणि वळवाच्या पावसात मोडेम जळाल्याचा अनुभव बहुतेक शाखांच्या गाठीशी असतो. शाखा सुरक्षित ठेवणं हे त्यांचं काम, आणि ते ते चोख करतात. आयटीवाल्यांना मात्र पहिला उपाय सुचतो तो दटावणीचा : बटणच काढून टाका. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत तशी सोय आहे. शट डाउन, रिस्टार्ट, स्लीप हे पर्याय मेनूतून नाहीसे करता येतात. माझ्या मते एवढा उफराटा उपाय दुसरा नसेल. घरी जायची घाई असलेल्या माणसाला मेनूत शट डाउन सापडलं नाही, तर तो डब्याच्या तोंडावरचं बटण चारेक सेकंद दाबून धरतो, नाहीतर थेट प्लग काढतो. म्हणजे रीतसर बंद होणारा संगणक आता झटक्यात मरतो. अपडेट अर्धवट असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक खिडकीशी उभं आणि पडद्यावर 'बदल मागे घेत आहोत' हा संदेश.

हे दोन प्रकारचे मृत्यू विंडोज वेगवेगळे नोंदवतं. रीतसर बंद केलेल्याची नोंद 1074 या क्रमांकाखाली होते, कोणत्या खात्यावरून बंद केलं त्याच्या नावासकट. अचानक गेलेल्याची नोंद पुढच्या वेळी सुरू झाल्यावर 41 आणि 6008 खाली पडते. शाखेला फोनवरून झापण्याआधी ही नोंदवही वाचावी. पुष्कळदा आरोपी माणूस नसतो, म्हातारी झालेली यूपीएसची बॅटरी असते.

एक गंमत अशी की मेनूतून रोज संध्याकाळी बंद होणारा संगणकही खऱ्या अर्थाने बंद होत नसतो. 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. त्यामुळे 'रोज बंद करतो हो' म्हणणारा कॅशियर खरं बोलत असतो, आणि 'हे यंत्र तीन आठवडे सलग चालू आहे' असं दाखवणारा पडदाही खोटं सांगत नसतो. ताजी सुरुवात हवी असेल तर रिस्टार्टच करावं लागतं.

मग बंद संगणक लांबून उठवता येत नाही का? येतो, वेक-ऑन-लॅनने. नेटवर्क कार्डाला एक छोटा निरोप धाडायचा : आधी ठरावीक सहा बाइट्स, मग त्या कार्डाचा पत्ता सोळा वेळा, एकूण 102 बाइट्स. पण तो ऐकायला कार्डाला थेंबभर वीज लागते. मेन बंद म्हणजे कान बंद. शिवाय हा निरोप एरवी राउटर ओलांडत नाही, म्हणून शाखेत एखादं यंत्र कायम जागं हवं. आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट या उठवणीची हमी देत नाही. सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते. दुरुस्तीला याहून सोयीचे दिवस नाहीत, पण त्याच दिवशी शाखेत वीज नसते.

यावरचा मला पटलेला उपाय वायरमनच्या पेटीत आहे. दिवे-पंख्यांचं सर्किट वेगळं आणि राउटर-संगणकांचं वेगळं, नीट अर्थिंगसह. पहिलं रोज बंद, दुसरं ठरल्या दिवशी चालू. वीज आली की संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय बायोसमध्ये असते, तीही लावून ठेवावी.

बंद असणं नेहमी तोट्याचंच असतं, असंही नाही. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीला जगभर लोळवलं, त्यात आपल्या न्हावाशेव्याचं एक टर्मिनलही अडलं. संगणक रिस्टार्ट होऊन डिस्क तपासल्याचं नाटक दिसू लागलं, की ताबडतोब वीज तोडा, असा सल्ला तेव्हा जाणकार देत होते. मर्स्कच्या नेटवर्कवर कुणाला कुठे प्रवेश आहे याची मुख्य यादी जवळजवळ सगळीकडे पुसली गेली. वाचली ती घानामधल्या एकाच सर्व्हरवर, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती! पण हा नशिबाचा भाग. त्याच वर्षी 12 मे रोजी वॉनाक्राय हा दुसरा विषाणू पसरला, तेव्हा त्याला रोखणारं अपडेट 14 मार्चलाच येऊन पडलं होतं. ज्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही, ते अडकले.

तेव्हा रोजच्या कामात उरतं ते बोलणं. विंडोजच्या शटडाउन आदेशासोबत 512 अक्षरांपर्यंत निरोप पाठवता येतो. तो मराठीत लिहावा, आणि अक्षरं नीट उमटतात ना हे आपल्याच यंत्रावर आधी पाहावं. 'संध्याकाळी सहाला संगणक रिस्टार्ट होईल, तोवर काम सेव्ह करा, मेन बंद करू नका' एवढं पुरे. मुदत सांगितली नाही तर विंडोज तीसच सेकंद धरतं. दहा वर्षांपर्यंतची मुदत देता येते, ती कुणासाठी ठेवली असेल कोण जाणे. मात्र मुदत दिली की ती संपताच उघडे प्रोग्रॅम सक्तीने बंद होतात, सेव्ह न केलेलं गेलं. म्हणून किमान पंधरा मिनिटं द्यावीत, आणि शाखेत कुणी अजून हिशेब जुळवत बसलं असेल तर त्याच्या एका फोनवर शटडाउन रद्द करणारा आदेश द्यायची तयारी ठेवावी.