घरात मोबाईलची रेंज कमी? बूस्टर घेण्याआधी हे करून पाहा



खासबाग, वडगाव, शहापूर या आपल्या विणकर वस्तीत पत्र्याची घरे आणि मागाच्या शेड बऱ्याच आहेत. दारात फोन नीट लागतो, आत आले की आवाज तुटतो. वयस्कर माणसांसाठी ही नुसती गैरसोय नाही. बँकेचा ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो, आणि रात्री 112 लावायची वेळ आली तर अंगणात जाणे प्रत्येकाला जमत नाही.

कारण साधे आहे. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, त्यामुळे त्या मुख्यतः दार-खिडक्यांतूनच आत येतात. स्लॅबच्या सळ्या आणि जाड भिंतीही लहरी अडवतात. वारंवारिता जितकी जास्त, तितकी ही अडवणूक जास्त. 5जी बहुतांशी 3300 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. 4जीला 850 आणि 900 चे खालचे पट्टेही आहेत. म्हणून घरात फोन 4जीवर ठेवून पाहावा.

आधी रेंज मोजा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाऊट फोन, सिम स्टेटस येथे डीबीएमचा आकडा दिसतो. 4जीवर उणे 90 चांगला, उणे 115 फार कमकुवत. 10 चा फरक म्हणजे सिग्नलच्या शक्तीत दहापट फरक. प्रत्येक खिडकीशी एक-दोन मिनिटे थांबून आकडा लिहून घ्या. चांगल्या जागी फोन ठेवून स्पीकरवर बोला.

घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. एअरटेलने 2019 च्या डिसेंबरात आणि जिओने 2020 च्या जानेवारीत ही सोय आणली; तिला वेगळे पैसे नाहीत. मात्र वीज गेली की राउटरही बंद पडतो, हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला पाहुणा आला, तर त्याच्या फोनवरचा आकडाही पाहा. फरक मोठा असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यासाठी इंग्रजीत पोर्ट, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवावा.

ऑनलाइन मिळणारा बूस्टर मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय तो बसवणे कायद्याने गुन्हा आहे, शिवाय त्याच्या गोंगाटाने टॉवरचे काम बिघडून शेजाऱ्यांचेही फोन तुटतात.

आई-वडिलांच्या खोलीतला आकडा आजच पाहा, आणि रात्री त्यांचा फोन जिथे रेंज आहे व हात पोचतो अशा जागी ठेवा.