आधी बंदोबस्त, मग सुनावणी?

मळवली स्थानकावर उतरून उत्तरेकडे पाहिले की कार्ल्याचा डोंगर दिसतो. पाठीशी भाजे, लोहगड आणि विसापूर. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एक सातवाहनकालीन राजाज्ञा कोरलेली आहे. मामल प्रांतावरील अमात्यास उद्देशून ती आहे, आणि हे मामल म्हणजेच आपले मावळ असे अभ्यासक मानतात. करजक नावाचे गाव लेण्यांतील भिक्षूंच्या योगक्षेमासाठी दिले असून राजसेवकांनी त्यात प्रवेश करू नये, त्यास हात लावू नये, मिठासाठी तेथील जमीन खणू नये आणि प्रांताच्या अंमलदारांनी त्यास उपद्रव देऊ नये, असा त्या आज्ञेचा आशय आहे. ही सवलत भिक्षुसंघास होती, नांगरधाऱ्यास नव्हती, हे आम्ही विसरत नाही. तथापि राजाच्या नोकराने कोठे थांबावे याची रेघ आखून ती दगडात कोरून ठेवावी, एवढी जाण या खोऱ्यात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी होती.

आज क्रांतिदिन. १९४२ च्या या दिवसाची भाषणे ठिकठिकाणी होतील आणि ती व्हावयासच हवीत. परंतु मावळ तालुक्यास ९ ऑगस्ट ही तारीख आणखी एका कारणाने स्मरणात आहे. २०११ साली याच दिवशी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊर गावाजवळ पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळीबार केला आणि त्यात एका महिलेसह तिघे जण मृत्यू पावले. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेस नेण्याच्या योजनेस त्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. नंतर चौकशी नेमली गेली, योजनेचे काम थांबले आणि वर्षानुवर्षे स्थगित राहिले. ज्या कामासाठी तीन माणसे गेली ते काम तसेच पडून राहावे, यावरून त्या दिवशीची घाई किती निकडीची होती याचा अंदाज वाचकांनीच करावा.

कोणी म्हणेल, रस्ता अडविणे हा काय हक्क झाला? नव्हे, तो हक्क नव्हे. द्रुतगती मार्गावर अडकलेल्या गाडीत रुग्ण असतो, विद्यार्थी असतो, नोकरीवर निघालेला गृहस्थ असतो. त्याच्या संचाराचे स्वातंत्र्य शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याहून कमी मोलाचे नाही. कायदा व सुव्यवस्था यांचा आग्रह धरणारे आम्ही, तो आग्रह आंदोलकांची जात, पक्ष वा धंदा पाहून सैल करणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या लाखो नागरिकांना पाणी हवे हेही खरेच. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलावे लागते. वाटेत ते गढूळ होते, काही वाया जाते, तेव्हा ते नळातून न्यावे हा विचार मुळीच अडाणीपणाचा नव्हता. काठच्या शेतकऱ्याचे भय निराळे होते. नळातून पाणी गेले की नदी आटणार, आणि नळासाठी जमीनही जाणार. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. अशा वादाचा निवाडा करण्यासाठीच राज्यसंस्था असते. आमचा प्रश्न एवढाच आहे की, रस्त्यावर येण्यापूर्वी या माणसाचे म्हणणे कोणी, कोठे आणि केव्हा ऐकले?

या प्रश्नास मावळात दीर्घ इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे पाणी अडविले आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईस वीज गेली. पाठोपाठ आंध्र खोऱ्यात ठोकळवाडीचे धरण झाले. मग लोहगड-तिकोन्याच्या पलीकडचे मुळशी खोरे कंपनीच्या नजरेत आले आणि १९२१ च्या रामनवमीस मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. जान किंवा जमीन, ही तेथील मावळ्यांची प्रतिज्ञा. बापटांनी पुढे १९२४ मध्ये रेल्वे अडवून पिस्तूल चालविले त्याचे समर्थन आम्ही करणार नाही; त्याची सात वर्षांची शिक्षा त्यांनी भोगली. परंतु या लढ्यातील एक तारीख सहसा कोणी सांगत नाही. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यात जमीनधारकाच्या हरकती ऐकून घेण्याची तरतूदच मुळात नव्हती. सरकारने सार्वजनिक प्रयोजन आहे असे जाहीर केले की ते आहे असे धरावयाचे. शेतकऱ्याने बोलावयाचे ते फक्त मोबदल्याच्या आकड्याविषयी. हरकत घेण्याचा आणि ती ऐकली जाण्याचा हक्क देणारे कलम ‘५ अ’ त्या कायद्यात आले ते १९२३ मध्ये. म्हणजे मुळशीचा शेतकरी १९२१ साली धरणाच्या कामावर जाऊन बसला तेव्हा त्यास कायद्याने बोलण्यासाठी दुसरी जागाच नव्हती. आणि जागा झाल्यावरही ‘तातडीचे काम’ म्हणून ही सुनावणी गाळण्याची पळवाट त्याच कायद्यात सरकारपाशी राहिली.

परकीय सरकारचे हे वर्तन समजू शकते. स्वकीयांनी काय केले? १९५० च्या संविधानाने मालमत्ता संपादन करण्याचा, बाळगण्याचा व तिची विल्हेवाट लावण्याचा हक्क मूलभूत म्हणून दिला, आणि भाषणस्वातंत्र्यही दिले. त्याच वर्षी मुंबईहून निघणाऱ्या एका साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने रोमेश थापर खटल्यात रद्द ठरविली. सव्वा वर्षही लोटले नाही तोच, १८ जून १९५१ रोजी, पहिली घटनादुरुस्ती अमलात आली. तिने भाषणस्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणास्तव निर्बंध घालण्याची मुभा सरकारला दिली, आणि नववे परिशिष्ट निर्माण करून त्यात जमिनीविषयीचे १३ कायदे न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवले. जमीन आणि जीभ, दोहोंवर एकाच दिवशी एकच कात्री चालली. नव्या परिशिष्टातील मुंबई राज्याच्या कुळकायद्याने असंख्य कुळांना जमीन मिळाली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु चांगल्या कामासाठी बांधलेली भिंतही भिंतच असते; पुढे तिच्या आडोशास कोण उभे राहील हे बांधणाऱ्याच्या हाती उरत नाही. शेवटी १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून पार काढून टाकला. २० जून १९७९ पासून तो कलम ‘३०० अ’ मध्ये केवळ घटनात्मक हक्क म्हणून राहिला आहे.

आम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असता पाठ्यपुस्तकात मूलभूत हक्क सहा होते. एका विद्यार्थ्याने आजोबांच्या ट्रंकेतील जुने पुस्तक आणून त्यात सात असल्याचे दाखविले आणि सातवा कोठे गेला असे विचारले. श्रीमंतांचा होता म्हणून काढला, असे उत्तर आम्ही त्या वेळी दिले. तो मुलगा शेतकऱ्याचा होता आणि त्याच्या घरी दोन एकर जमीन होती. त्या उत्तराची आज आम्हांस लाज वाटते.

श्रीमंतांस त्या हक्काची गरज सर्वांत कमी असते, कारण त्यांच्यापाशी वकील असतात, ओळखी असतात, दुसरीकडे नेता येईल असा पैसा असतो. दोन एकरवाल्यापाशी सातबाऱ्याचा उतारा असतो. हे मावळच्या शेजारच्याच खेड तालुक्यात, आंबेठाणच्या माळावर राहून शरद जोशी यांनी आयुष्यभर सांगितले. सरकारने शेतकऱ्यावर उपकार करण्यापेक्षा त्याच्या वाटेतून बाजूस व्हावे, ही त्यांची मागणी. चाकणच्या कांद्यापासून त्यांनी तिची सुरुवात केली तेव्हा पुण्यामुंबईच्या विद्वानांस ती चमत्कारिक वाटली होती. अनेकांस अजूनही वाटते. त्यांच्या सर्वच मतांशी आमचे जुळत नसे, पण हा मुद्दा त्यांचा बिनतोड होता.

न्यायालयांची पावले अलीकडे योग्य दिशेस पडत आहेत. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ‘३०० अ’ मध्ये सात हक्क सामावलेले आहेत असे सांगितले. नोटीस, सुनावणी आणि सकारण निर्णय हे त्यांतील पहिले तीन. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, मुंबईतील जुन्या इमारतींच्या संपादनाच्या कायद्यातून उद्भवलेल्या वादात, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही असा निर्णय नऊ न्यायाधीशांच्या पीठाने दिला. विधिमंडळांची पावले मात्र उलटी पडतात. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला. त्यात खाजगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांची पाहणी आली. शुद्ध सरकारी प्रकल्पास संमतीची अट तेव्हाही नव्हती. आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून पायाभूत सुविधा, औद्योगिक पट्टे यांसारखे प्रकल्प त्या पाहणीतूनही वगळण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. मावळात येणारा बहुतेक प्रकल्प यांपैकीच असतो!

जमिनीचा हक्क असा पातळ झाला की माणसापाशी उरते ते बोलणे. तेथेही वाट अरुंदच आहे. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा; आज तो महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. त्यातील कलम ३७ खाली पाचांहून अधिक माणसांच्या जमावास मनाई करणारे हुकूम इतक्या नित्यनेमाने निघतात की ते पंचांगातील तिथीप्रमाणे छापावेत! याच कायद्याखालील नियमांविषयी १९७२ मध्ये हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन करता येईल, पण परवानगी देणे न देणे अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर सोपविता येणार नाही. आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. नक्षलवादी संघटनांचा बंदोबस्त हा त्याचा घोषित हेतू, आणि हिंसेचा धंदा करणाऱ्यांविषयी आम्हांस तिळमात्र सहानुभूती नाही. परंतु प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे वा तिचा उपदेश करणे, असे शब्द बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत घातले गेले. संयुक्त समितीने विधेयकाचा रोख अतिडाव्या संघटनांपुरता आखडला, हे ठीक झाले. पण सुव्यवस्थेत व्यत्यय आणण्याची नुसती प्रवृत्ती म्हणजे काय, हे उद्याचा अंमलदार ठरविणार. १९२१ च्या मुळशीत हा कायदा असता तर कोण आत असते, याचा विचार आज क्रांतिदिनाचे हार घालणाऱ्या मंत्र्यांनी करावा. विरोधी बाकांवरील मंडळींनीही करावा, कारण बऊरला गोळी सुटली तेव्हा सत्तेवर ते होते.

सरकारकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. २०१८ ची सूट मागे घ्यावी. प्रत्येक संपादनात मोजणीदार शिवारात जाण्यापूर्वी त्या गावातच सुनावणी व्हावी, हरकतीचे उत्तर मराठीत, कारणांसह आणि सहीनिशी मिळावे, आणि ‘तातडी’ हा शब्द युद्ध व आपत्ती यांच्यापुरताच राखावा. सभेची परवानगी नाकारावयाची तर कारण लिहून द्यावे. बऊरच्या शेतकऱ्यांना त्यांच्या नदीचे काय होणार याचे असे एक लेखी उत्तर २०११ च्या जुलै महिन्यात कोणीतरी द्यावयास हवे होते.