शेण, शेणकिडा आणि ‘ऑरगॅनिक’ दूध

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी एक प्रश्न हमखास येतो : ‘तुम्ही केमिस्ट्रीतले डॉक्टर, मग सांगा, ऑरगॅनिक दूध घ्यावे का? जास्तीचे पैसे वसूल होतात का?’ (याच टेबलाशी सर्दी-खोकल्याचे औषधही विचारले जाते. त्यापुढे मात्र आमचे डॉक्टरपण हात टेकते!) दुधाचे उत्तर एका कपात संपत नाही, म्हणून हा लेख.

आधी पेल्यातले दूध पाहू. प्रथिने, कॅल्शियम, दुधातली साखर या बाबतीत ऑरगॅनिक आणि साध्या दुधात फारसा फरक नाही. हिरवे गवत खाणाऱ्या गायीच्या दुधात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले थोडी जास्त असतात हे खरे. पण ऑस्ट्रेलियात साध्या डेअरीच्या गायीही बहुतांशी कुरणातच चरतात. दोन्ही दुधे पाश्चराइज केलेली असतात. मग फरक आहे कुठे? तो पेल्यात कमी आणि कुरणात जास्त आहे.

ऑरगॅनिक कुरणावर युरिया किंवा सुपरफॉस्फेट टाकता येत नाही. नत्रासाठी शेतकरी क्लोव्हर पेरतो. आपल्याकडच्या हरभरा-तुरीसारखीच ही द्विदल वनस्पती मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतला नत्र जमिनीत आणते. स्फुरदासाठी आम्लाची प्रक्रिया न केलेला दगडी फॉस्फेट चालतो, पण तो सावकाश विरघळतो. उरलेले सगळे शेणावर अवलंबून. आणि शेण म्हटले की ऑस्ट्रेलियाचा एक मजेदार इतिहास सांगावा लागतो.

१७८८ साली पहिल्या ताफ्याबरोबर केप टाऊनहून घेतलेली मोजकी गुरे सिडनीला उतरली. काही महिन्यांतच ती रानात पळाली आणि १७९५ साली आजच्या कॅम्डन परिसरात सापडली, तेव्हा त्यांचा चांगला कळप झाला होता. गुरे वाढली, पण त्यांचे शेण उचलणारे कोणी नव्हते. आपल्या गावाकडे शेण पडले की आजी ते उचलणार, मग गोवऱ्या, सारवण, सडा, उरलेले उकिरड्यात. शिवाय म्हशी-गवे यांच्या शेणाला सरावलेले शेणकिडे आपल्या मातीत पिढ्यान् पिढ्या आहेत. इथेही शेणकिड्यांच्या चारशेहून अधिक जाती होत्या, पण त्यांना सवय कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची. गायीचा ओला पो त्यांना झेपेना.

एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. ते जागच्या जागी वाळून महिनोन्महिने पडून राहत. त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जाई, खालचे गवत मरे, आणि भोवती वाढलेल्या गवताला गुरे तोंड लावत नसत. माश्यांची पैदास तर विचारूच नका.

हे ज्याच्या डोळ्यांत खुपले, तोही आपल्यासारखाच परदेशातून आलेला. जॉर्ज बोर्नेमिसा हा हंगेरीतला कीटकशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम ऑस्ट्रेलियात आला आणि पुढे ‘सीएसआयआरओ’ या सरकारी संशोधन संस्थेत लागला. मायदेशी शेण किडे संपवतात, मग इथे का नाही, हा त्याचा साधा प्रश्न. त्यातून १९६५ ते १९८५ अशी वीस वर्षे शेणकिड्यांची मोहीम चालली. परदेशी किड्यांबरोबर गुरांचा रोग येऊ नये म्हणून फक्त अंडी आणत, ती जंतुनाशकाने धूत आणि हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत ठेवून किडे वाढवत. १९६८ पासून ४३ जाती सोडल्या, २३ रुजल्या. आज बऱ्याच भागांत हे किडे एक-दोन दिवसांत पो जमिनीखाली नेतात. त्यामुळे खत मुळांपाशी पोचते, बिळांतून पाणी मुरते आणि माश्या कमी होतात.

आता यात ‘ऑरगॅनिक’चा संबंध. गुरांच्या जंतांवर १९८१ पासून आयव्हरमेक्टिन हे औषध आले. औषध उत्तम, त्याच्या संशोधकांना २०१५ साली नोबेलही मिळाले. पण त्याचा बराच भाग शरीरात न बदलता शेणातून बाहेर पडतो आणि त्या शेणातल्या शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. म्हणून ऑरगॅनिक शेतकरी असे औषध सरसकट पाजत नाही. तो गुरे एका पॅडकमधून दुसऱ्यात फिरवतो आणि आधीच्या पॅडकला विश्रांती देतो. गवतावर चढलेल्या जंतांच्या अळ्यांना गाय मिळाली नाही की त्या मरतात. कुंपणे, पाण्याची सोय, रोजची पाहणी, या कष्टांचे पैसे कार्टनच्या किमतीत असतात. जनावर खरेच आजारी पडले तर औषध द्यावेच लागते; मग ठरावीक काळ त्याचे दूध ऑरगॅनिक म्हणून विकता येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्यातले बरेच जण ‘गाय सुखी असेल’ म्हणून हे दूध घेतात. दूध मिळण्यासाठी गाय व्यावी लागते आणि होणाऱ्या वासरांतले निम्मे गोऱ्हे असतात. इथे त्यांना औत नाही. डेअरीतले अनेक गोऱ्हे काही दिवसांतच कत्तलखान्यात जातात. ऑरगॅनिकच्या शिक्क्याने हे आपोआप बदलत नाही. ज्यांना हे सलते त्यांनी शेतकऱ्यालाच विचारावे. काही शेतकरी गोऱ्हे वाढवतात.

शिक्क्याबद्दलही सावध असावे. १९९२ चे राष्ट्रीय मानक निर्यातीसाठी होते आणि देशातल्या विक्रीसाठी २००९ साली आलेले मानक ऐच्छिक. तेव्हा नुसत्या ‘ऑरगॅनिक’ शब्दावर जाऊ नका. ‘ऑस्ट्रेलियन सर्टिफाइड ऑरगॅनिक’ची कळी किंवा ‘नासा’ (अवकाशवाली नव्हे, शेतीवाली!) अशी तपासणी संस्थेची खूण पाहा. २०२२ मध्ये या देशात सुमारे ५.३ कोटी हेक्टर जमीन ऑरगॅनिक म्हणून नोंदलेली होती, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त! त्यातली बहुतेक चराऊ रानेच.

तर चहाच्या टेबलावरचे उत्तर : मुलांच्या तब्येतीसाठी म्हणून ओढाताण करून ऑरगॅनिक दूध घेऊ नका, साधे दूधही उत्तम आहे. माती आणि कुरण नीट राखणाऱ्या शेतकऱ्याला हातभार लावावासा वाटला, तर जरूर घ्या. होमोजिनाइझ न केलेले मिळाले तर वर साय धरते आणि तूप घरी कढवता येते, हा आपला खास फायदा! आणि फार्मर्स मार्केटमध्ये शेतकरी भेटलाच तर तीन प्रश्न विचारा : गुरे पॅडकमधून किती दिवसांनी हलवता? जंतांवर काय करता? गोऱ्ह्यांचे काय होते? जो या तिन्हींची सरळ उत्तरे देईल, त्याच्याकडचे दूध आणा.