दिवाडीच्या दोन बोटी

जुनी शिडाची बोट पारखणारा माणूस आधी रंग बघत नाही. हातोडीच्या दांड्याने तो बोटीची कूस ठोकत जातो. आवाज बद्द आला की आत ओल शिरली, असं समजायचं. मग डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, तळाची जड कील धरून ठेवणारे बोल्ट, आणि शेवटी सुकाणू. चाक हळूच डावीउजवीकडे हलवून मधे किती सैलपणा आहे, ते बघायचं.

भारतीय नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या बोटींना हीच कसोटी लावून बघण्यासारखी आहे, कारण कागदावर त्या जुळ्या आहेत. दोघींचा आराखडा एकच: नेदरलँड्सचा ‘टोंगा ५६’. लांबी ५६ फूट, डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच. बांधणीही एकाच ठिकाणची, गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस गोदीतली. म्हादेई नौदलात दाखल झाली फेब्रुवारी २००९ मध्ये, तारिणी फेब्रुवारी २०१७ मध्ये. एकीला नाव मिळालं गोव्याच्या नदीचं, दुसरीला ओडिशातल्या तारातारिणी देवस्थानाचं.

भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत, समुद्रापासून चांगलंच आत. त्यांच्या हाकेला नौदलातून दिलीप दोंदे पुढे आले. माणूस मिळाला, बोट मात्र नव्हती.

दांडेकरांच्या गोदीत फायबरग्लासच्या बोटी होत. महासागर ओलांडणारी शिडाची बोट तिथे कधी बांधली गेली नव्हती. तरी त्यांनी काम घेतलं. बोटीच्या आकाराचा सांगाडा उभा करायचा, त्यावर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत वक्र कवच तयार करायचं, मग आतून-बाहेरून काचतंतूंचं कापड राळेत भिजवून चढवायचं. सोलापुरात ज्याने मागावर चादर विणली जाताना पाहिली आहे, त्याला यातली मेख लगेच कळेल: ताण कुठे सैल सुटला की दोष आयुष्यभर राहतो. इथे तो दोष हाती लागतो दक्षिण महासागरात, किनारा हजारो मैल दूर असताना. राळ सुकण्याआधी कापडाखाली अडकलेला हवेचा प्रत्येक बुडबुडा दाबून बाहेर काढावा लागतो, आणि तिथे हातांचं कसब लागतं. पहिल्याच प्रयत्नात या गोदीने ते साधलं, याचं कौतुक अजून पुरेसं झालेलं नाही.

म्हादेईने त्या हातांची लाज राखली. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांवर थांबे घेत मे २०१०मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. १ नोव्हेंबर २०१२ला अभिलाष टॉमी त्याच बोटीतून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ला मुंबईत आले. एव्हाना बोट जुनी म्हणावी इतकी वापरली गेली होती, तरी पाच महिने एकाही बंदराला न शिवता ती चालली.

तारिणी धाकटी, म्हणून आयती शहाणी. म्हादेईवर माणसं कुठे आदळली, काय गळलं, कोणती दोरी हाताशी हवी होती, हे तोवर गोदीला आणि नौदलाला माहीत झालं होतं. १० सप्टेंबर २०१७ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी गोव्याहून निघाल्या, त्या २१ मे २०१८ला परतल्या. मग २ ऑक्टोबर २०२४ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन निघाल्या आणि पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल कापून २९ मे २०२५ला गोव्यात आल्या.

निवड करायचीच झाली तर लांबच्या वाटेला तारिणी घ्यावी. पण बारकाईने बघावं ते तिचं सुकाणू. २०१८च्या एप्रिलमध्ये घर जवळ आलेलं असताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि तारिणीला ठरलेला नसलेला थांबा घेत मॉरिशसच्या पोर्ट लुईत शिरावं लागलं.

शिडाच्या बोटीत सगळ्यात कमी विश्रांती या यंत्रणेला मिळते. शीड उतरवता येतं, इंजिन बंद राहतं, सुकाणूची सुट्टी मात्र कधीच नसते. चाकाची हालचाल साखळी, तारा किंवा तेलाच्या दाबामार्फत सुकाणूच्या दांड्यापर्यंत पोचते. मागून येणारी लाट बोटीचं शेपूट उचलते, बोट आडवी वळू बघते आणि तिला सरळ ठेवण्याचा सगळा जोर त्या एका दांड्यावर आणि त्याच्या बेअरिंगवर येतो. हे सेकंदा-सेकंदाला, महिनोन्‌महिने. दांडा जिथे बोटीच्या पोटातून जातो तिथे खारं पाणीही वाट शोधतच असतं. दुरुस्ती करायची ती बोटीच्या मागच्या अंधाऱ्या कप्प्यात गुडघ्यांवर बसून, आणि तोवर बोट कुणीतरी दुसऱ्या मार्गाने सांभाळायची.

सहा जणी असताना पाळ्या लावून चाक धरता येतं. दोघीच असल्या की एक झोपलेली असते, दुसरी शिडाशी झुंजत असते, आणि चाक ऑटोपायलटच्या ताब्यात जातं. ऑटोपायलटला वीज लागते; विजेसाठी बॅटऱ्या, सौरपट्ट्या, जनरेटर लागतात. सगळ्यांचा शत्रू खारी हवा. म्हणजे माणसं कमी केली की यंत्रांवरचा भार वाढतो आणि दुरुस्तीला हात उरत नाहीत. दिलना आणि रूपा यांनी वादळांतून, केप हॉर्नला वळसा घालून बोट परत आणली, यातलं अवघड काम या हिशेबात आहे.

आता काळजी पुढची आहे. तारिणीने पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या आहेत, म्हादेई तिच्यापेक्षा आठ वर्षांनी थोरली. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. तार तुटते त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती चकचकीतच असते. तारिणीची डोलकाठी आली ती दक्षिण आफ्रिकेच्या केप टाउनमधून. अशा भागांसाठी परदेशाकडे बघावं लागतं. कवचाची गोष्ट वेगळी. ते उघडून, ओल शोधून, कापड पुन्हा चढवणारे हात दिवाडीतच आहेत. पण मधल्या काळात दांडेकरांच्या गोटातून काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज तयार झालं आणि मे २०२५मध्ये नौदलात आलं. ते कसब निराळं, त्याचे कारागीर केरळचे. काचकापड आणि राळेचं काम शिकलेल्या लोकांना आठ-आठ वर्षांत अशी एखादीच बोट मिळत राहिली, तर म्हादेईवर ज्यांचे हात बसले त्यांच्यानंतर दुसरी फळी तयार होणार कशी? तिसऱ्या ‘टोंगा’ची मागणी नौदलाने वेळेत नोंदवली, तर ती फळी याच दोन बोटींच्या डागडुजीवर शिकू शकेल.