आमच्या गावात आम्हीच सरकार!

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवारातला जुना कडुनिंब तोडायचा ठराव आला. पार्किंगला जागा हवी ना! हात वर झाले आणि दोन मतांनी ठराव पास. आम्ही सात-आठ जणी विरोधात बोललो, तर म्हणे, 'आता बहुमत झालं, ताई!' घरी येऊन चहा गाळताना एकदम मेंढा-लेखा आठवलं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं हे छोटंसं गोंड आदिवासी गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा हे गावाचे नेते. पण निर्णय घेणार ग्रामसभा, तोही सर्वसहमतीने. तिथे बहुमत चालत नाही. एकाचंही मन वळलं नाही, तर विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय सगळे पाळतात. नाहीतर एवढं जंगल राखणार कोण? हरलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन गेला, तर एकटा गार्ड काय करणार! मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, याचाही अभ्यास या गावाने केला.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला निघाले, तर वाहतूक पासावरून अडवणूक! अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासाचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१३ मध्ये तर गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. म्हणजे स्वतःच्या शेतजमिनीसुद्धा ग्रामसभेच्या नावे!

आपण शिकलेल्या बायका. आपल्याला हात वर करायची सवय, समोरच्याचं मन वळवायची नाही. मीही त्या मीटिंगमध्ये भांडलेच, कुणाच्या घरी गेले नाही.

आमचा कडुनिंब अजून उभा आहे, पालिकेची परवानगी यायचीय. तोवर मी रोज एका घरी जाऊन बसते. गाडीची अडचणही खरी आहे, तीही ऐकून घेते. काल तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "वहिनी, पुन्हा एकदा मीटिंग बोलवू या का?"

तुमच्या आवारातल्या झाडाचा निर्णय कोण घेतं हो?