एका कुंडीपायी अख्खे घर पणाला

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला की त्यासारखे दहा आपोआप समोर येतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. कुंडीत कोथिंबीर कशी लावावी हे पाहणाऱ्या मुलाला चार दिवसांनी परदेशातला कुणी तरुण दिसतो. बंद खोलीत, दिव्याच्या उजेडात तो गांजा वाढवत असतो. बोलण्याची ढब तीच असते: पहिल्यांदा करताय, घाबरू नका, थोडक्या खर्चात होते. अमरावती-अकोल्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत हे सारे पोहोचते. आई-वडिलांना मात्र त्याची खबर नसते.

या व्हिडिओंतले सगळे खोटे असते असे नाही. ते जिथे तयार होतात तिथे बहुधा ती गोष्ट कायदेशीर असते. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडे लावता येतात. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची मुभा आहे. व्हिडिओ एवढेच सांगत नाही की ही मुभा त्या देशाच्या सीमेवर संपते. तीच कुंडी अकोल्यातल्या खोलीत ठेवली की तो गुन्हा होतो, आणि त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

“विकत घेण्यापेक्षा घरी बरे”

मुलांच्या बोलण्यात एक युक्तिवाद हमखास येतो. बाहेरून आणायला गेले तर दलाल, पोलीस, भेसळ अशी शंभर भानगडी. त्यापेक्षा घरी एखादे रोप लावले तर कुणाला त्रास नाही. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. आपला कायदा नेमका याच्या उलट आहे.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे ज्याला पोलीस आणि वकील एनडीपीएस म्हणतात तो कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून देशभर लागू आहे. त्याच्या कलम २० मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गांजा जवळ बाळगल्यास वजन पाहिले जाते. एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ धरतात. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यापारी प्रमाण’. त्याला दहा ते वीस वर्षे आणि किमान एक लाख दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत.

झाड लावण्याला मात्र वजनाचे हे माप नाही. कायद्यात ‘थोडी लागवड’ आणि ‘मोठी लागवड’ असे भाग पाडलेले नाहीत. एक रोप असो की एक एकर, कलम एकच: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. प्रत्यक्ष शिक्षा किती द्यायची हे न्यायालय ठरवते, पण खटला त्याच कलमाखाली, विशेष न्यायालयात चालतो.

आणखी एक फरक आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. नशेच्या आहारी गेलेला माणूस अल्प प्रमाणासह किंवा सेवनाच्या आरोपाखाली सापडला आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर कलम ६४-अ खाली त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाते. कायद्याने आजारी माणसासाठी ठेवलेले हे दार आहे. लागवडीच्या गुन्ह्याला ते लागू नाही. म्हणजे जो मुलगा ‘घरी लावले तर सुरक्षित’ असे समजतो, तो सौम्य कलमातून निघून कठोर कलमात स्वतःहून शिरतो.

घर कुणाच्या नावावर आहे?

गुन्हा मुलाने केला, मग आई-वडिलांचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण कलम २५ म्हणते की घराचा मालक, तिथे राहणारा किंवा ज्याच्या ताब्यात ती जागा आहे त्याने जाणूनबुजून असा गुन्हा तिथे होऊ दिला, तर त्यालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा आहे. इथे ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला खरोखर काही माहीत नव्हते तो दोषी नाही. पण दिसूनही ‘पोरगा आहे, समजेल हळूहळू’ म्हणून दार ओढून घेणारा बाप, आणि महिन्याच्या भाड्यापलीकडे काही न विचारणारा पण सगळे ठाऊक असलेला घरमालक, हे दोघेही अडचणीत येऊ शकतात.

शिवाय या कायद्यात आरोपीचा हेतू गुन्ह्याचाच होता असे न्यायालय आधी गृहीत धरते; तसा हेतू नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे असते. शेताच्या धुऱ्यावर एखादे झाड आपोआप उगवू शकते. ते लावलेच होते हे पुराव्याने दाखवा, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात आरोपीला सोडल्याचेही उदाहरण आहे. पण कपाटात दिवा आणि पंखा लावून वाढवलेले रोप आपोआप उगवले, असे कोण मानेल?

वकील, तारखा आणि जामिनाचा खर्च वेगळाच. त्यापलीकडे, फौजदारी खटला चालू असताना पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. ज्या घरातला एक मुलगा आखातात कमावतो आणि दुसरा जायच्या तयारीत आहे, त्या घराला याचा अर्थ समजावून सांगायला नको. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीतही हा खटला समोर येतो. ‘थोडक्या खर्चात’ म्हणणाऱ्याच्या हिशोबात यातले काहीच नसते.

अंबाडी, ताग आणि भांग

वऱ्हाडात या विषयावर बोलताना नावांचा घोळ होतो. आपल्या ताटातली अंबाडीची भाजी आणि गांजा यांचा काही संबंध नाही. वाखाच्या अंबाडीचे पान बोटांसारखे कापलेले, गांजाच्या पानासारखे दिसते, एवढेच. तिच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ हा शब्द त्यावरूनच आला. तागाला इंग्रजीत ‘सन हेम्प’ म्हणतात, पण तो शेंगवर्गीय आहे. त्यामुळे अंबाडी आणि ताग लावणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

भांगेचे तसे नाही. गांजा, चरस आणि भांग ही एकाच झाडाची तीन रूपे आहेत. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्याचा चीक म्हणजे चरस, आणि शेंड्यांशिवायची पाने म्हणजे भांग. नुसती पाने एनडीपीएसच्या ‘गांजा’च्या व्याख्येत बसत नाहीत, त्यांना राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो. यावरून काही जण म्हणतात की पानांसाठी झाड लावले तर चालते. चालत नाही. लागवडीची बंदी संपूर्ण झाडावर आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तागासारख्या धाग्यासाठी, नशेचा अंश नगण्य असलेल्या जातीच्या लागवडीला परवाने देणे सुरू केले. तो सरकारी परवान्याचा मामला आहे, घरच्या कुंडीचा नाही.

हा कायदा आला कुठून?

आपल्या भागाला हे झाड नवे नाही. मेळघाटच्या पलीकडे, निमाडातल्या खंडव्याच्या परिसरात इंग्रजी अमलात सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे आणि त्यावर कर घेतला जाई. १८९३ मध्ये सरकारने याच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्यापुढे वऱ्हाडातल्या साक्षीदारांनीही जबान्या दिल्या. १८९४ च्या अहवालात आयोगाने म्हटले की माफक सेवनाने फार हानी होत नाही, सबब संपूर्ण बंदी नको, कर आणि नियंत्रण पुरे. मुले आज इंटरनेटवरून हा अहवाल पुढे करतात, म्हणून तो आपल्यालाही माहीत असावा. पण तो कर गोळा करणाऱ्या सरकारचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा अहवाल आहे. नंतर १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ मध्ये आपला कायदा आला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने या झाडाला सर्वांत कडक यादीतून काढले, भारताने त्या बाजूने मत दिले, हेही खरे. त्याने औषधी संशोधनाची वाट थोडी मोकळी झाली. आपल्या देशातली लागवडीची बंदी मात्र जशीच्या तशी आहे.

“गवतच तर आहे!”

आजची मुले गांजाला ‘वीड’ म्हणतात, म्हणजे तण. सातशे वर्षांपूर्वी अरबी बोलणारे लोक त्याला ‘हशीश’ म्हणत, म्हणजे गवत. नाव बदलले, सबब तीच राहिली: हे तर नैसर्गिक आहे, अल्लाहने उगवलेले गवत आहे, कुरआनात कुठे त्याचे नाव आहे?

हा प्रश्न उलेमांपुढे फार आधी आला होता. तेराव्या शतकातला वनस्पतीतज्ज्ञ इब्न अल-बैतार याने लिहून ठेवले आहे की मिसरमध्ये लोक ‘हिंदी’ जातीची भांग आपल्या बागांत लावतात आणि खातात. म्हणजे घरच्या बागेतल्या लागवडीची गोष्टही जुनीच. इमाम इब्न तैमिया यांनी त्याच्या हराम असण्यावर सविस्तर लिहिले. चौदाव्या शतकात अल-झरकशी यांनी तर या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांचा आधार साधा होता. शराबची मनाई द्राक्षाच्या रसामुळे नाही, अक्कल झाकली जाते म्हणून आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत नशा आणणारी प्रत्येक वस्तू त्याच हुकुमात येते. मग ती प्यायची असो, खायची की ओढायची. औषधाचा प्रश्न त्यांनी वेगळा ठेवला. शस्त्रक्रियेआधी दिलेली भूल आणि मित्रांत बसून केलेली नशा यांतला फरक कुणालाही कळतो.

मुलांना हे सांगताना नुसते ‘हराम आहे, विषय संपला’ म्हणून भागत नाही. ‘का’ हेही सांगावे. अक्कल ही अमानत आहे, हे मुलाला पटले तर ते घराबाहेरही त्याच्यासोबत राहते.

डॉक्टर काय सांगतात

या झाडातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. स्मरणशक्ती, लक्ष आणि वेळेचे भान यांवर त्याचा परिणाम होतो. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, म्हणून लहान वयात सुरुवात करणाऱ्याला धोका जास्त. भास होणे, कुणीतरी पाळतीवर आहे असे वाटणे अशा गंभीर मानसिक आजाराची शक्यता अशा मुलांत वाढते. घराण्यात कुणाला असा आजार असेल तर आणखीच. खोलीत दिव्याखाली वाढवलेल्या जातींत टीएचसी बरेचदा जास्त असते, हेही लक्षात घ्यावे. सवय जडल्यावर सोडताना झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. हे सारे उपचाराने बरे होते.

आपला मुलगा एकटाच बिघडला असेही समजू नये. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, भांग, गांजा किंवा चरस वर्षभरात घेतलेल्यांची संख्या देशात सुमारे ३ कोटी १० लाख होती.

घरात काय पाहावे, काय करावे

एखादी खोली किंवा कपाट सतत कुलपात, आतून दिवस-रात्र उजेड, छोट्या पंख्याचा आवाज, महावितरणचे बिल अचानक वाढलेले, उग्र वास आणि तो झाकायला अगरबत्ती, हे एकत्र दिसले तर शांतपणे विचारावे. मारहाण करू नये, मोहल्ल्यात बोभाटा करू नये. पण दुर्लक्षही करू नये.

रोप सापडलेच तर त्याच दिवशी वकिलाचा सल्ला घ्यावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. त्यांचा क्रमांक १५१०० आहे. मुलगा अठराच्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर असतो.

नशेची सवय असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर किंवा मनाचा त्रास असेल तर १४४१६ वर बोलता येते. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला आपण इर्विन म्हणतो, इथे सरकारी दरात मानसोपचाराची चौकशी करावी. ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार करत घालवलेला महिना मुलाच्या आयुष्यातून जातो.

हाताला दुसरे काम

शेवटची एक गोष्ट. बंद खोलीत काही उगवून पाहावे, त्याची रोज निगा राखावी, ही हौस वाईट नाही. तिला हलाल वाट द्यावी. धिंगरी अळिंबीला शेत लागत नाही, दिवेही लागत नाहीत. गव्हाचे किंवा सोयाबीनचे कुटार भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून, निथळून पिशवीत थर द्यायचे आणि प्रत्येक थरावर अळिंबीचे बियाणे टाकायचे. दोन-तीन आठवड्यांत पिशवी पांढऱ्या बुरशीने भरते, त्यानंतर ओलावा राखला की काढणी सुरू होते. आपला उन्हाळा तिला सोसत नाही. पावसाळा संपल्यापासून थंडीभर चांगली येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात त्याची माहिती विचारता येईल.

खर्च थोडा, जागा तेवढीच, आणि निगाही रोजचीच. फरक इतकाच की या खोलीचे दार उघडे ठेवता येते. पहिली काढणी झाली की मुलगा ती आपल्या हाताने अम्मीच्या स्वयंपाकघरात नेऊन देऊ शकतो.