वरच्यांचे पाणी, खालच्यांचे छत

दिवाळी जवळ आली की माळे रिकामे होतात, भिंतींना रंग लागतो, पितळेची भांडी चिंचेने लखलखतात. संडासाकडे मात्र लक्ष जाते ते खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरच्या डागाची वर्दी घेऊन दारात उभे राहिल्यावरच!

जुन्या घरांत या डागाचे मूळ पुष्कळदा कमोडच्या पायथ्याशी असते. कमोडचे तोंड जमिनीतल्या बिडाच्या नळाला जिथे मिळते, तिथे काही घरांत बिडाचे गोल कडे असते. कारागीर त्याला ‘फ्लँज’ म्हणतात. कित्येक घरांत नुसताच सिमेंटने लिंपलेला सांधा असतो. वर्षानुवर्षे ओलाव्यात राहून बीड गंजते. मैल्यातून निघणाऱ्या वायूपासून जिवाणू नळात गंधकाम्ल तयार करतात, तेही त्याला खाते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. कड्याला चिरा जातात, बोल्टांची पकड सुटते, कमोड डुलू लागतो आणि प्रत्येक वेळी थोडे मैलापाणी फरशीखाली उतरते. तेच पुढे स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोचले, की त्याही गंजून फुगतात आणि खालच्यांच्या छताचे पोपडे निघतात.

आधी निदान नीट करावे. पायथ्याची जमीन कोरडी पुसून भांड्यात थोडी नीळ टाकावी आणि पाणी सोडावे. कडेने निळसर पाणी झिरपले, तर दोष सांध्याचा किंवा तडकलेल्या भांड्याचा. पाणी न सोडताही ओल कायम राहत असेल, तर टाकीकडे येणारी नळी तपासावी. पावसाळ्यात टाकीला बाहेरून सुटणारा घाम ही मात्र गळती नव्हे.

आपल्याकडचा आवडता इलाज म्हणजे कमोडभोवती पांढऱ्या सिमेंटचा लेप. त्याने गळती थांबत नाही. ती फक्त वरच्यांना दिसेनाशी होते, खालच्यांना नव्हे!

खरी दुरुस्ती कमोड उचलूनच होते. पाण्याची कळ बंद करून टाकी व भांडे रिकामे करावे. चिनी मातीचे हे धूड दोघांनी मिळून उचलावे. नळाच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा, म्हणजे दुर्गंधी वर येत नाही आणि खपल्या आत पडत नाहीत. गंज खरवडून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे. नळ टणक असून नुसते कडेच तुटले असेल, तर नवे न गंजणारे कडे फरशीला घट्ट बसवता येते. नळाचाच भुगा होत असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो. ते काम जाणत्या प्लंबरचे.

बसवताना रबराचे वा मेणाचे कडे नवेच घ्यावे. बोळा आठवणीने काढावा. कमोड सरळ खाली टेकवून दोन्ही बाजूंचे बोल्ट आलटून-पालटून, बेताने आवळावेत; जोर केला तर चिनी माती तडकते. पाच-सहा वेळा पाणी सोडून कडेला कोरडा कागद फिरवून पाहावा. आणि स्वच्छतेच्या भरात ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांत साधारणपणे बाहेरचा सामाईक नळ संस्थेने व घरातला सांधा घरमालकाने सांभाळायचा असतो. पण नियमांचे पुस्तक उघडण्यापूर्वी एकदा खाली जाऊन तो डाग पाहून यावा. निम्मे भांडण तिथेच मिटते. उरलेले नव्या कड्याने!